दोनशेवीस नंबर

फोनवर बाप ओरडूनच बोलतो.
फरशी घासायच्या मशीननं त्याचे कान नेलेत.
परभणीतल्या निम्म्या फरशा त्याच्या हातच्या.
“एम.एफ.ए. म्हणजी नेमकं काय शिकायलीस गं?
चार वर्षं झाली की चित्रं काढून. अजून राहिलंय व्हय?”

राहिलंय.
सकाळी अकराला सौंदर्यशास्त्र.
रस कुठं असतो, नटात की बघणाऱ्यात,
यावर सरांचं मत, मग सरांच्या सरांचं.
खिडकीबाहेर लिंबाखाली कुणीतरी डबा उघडलेला,
मला तर तो तिथंच असल्यासारखा वाटतो.
दुपारी प्रबंध. विषय तीनदा बदलला.
मार्गदर्शक बाई समासात लिहितात, “हे कशावरून?”
पेन्सिलनं, खोडता येईल इतकं हलकं.
खोडवत नाही.

हे सगळं बापाला कसं सांगू?
मी म्हणते, दगड घासते.
पलीकडं गप्प.
मग, “काय घासती?”

खरंच घासते.
लिथोच्या खोलीत सात दगड आहेत, जर्मनीचे,
औरंगाबादच्या उन्हाला सरावलेले.
प्रत्येकावर आधीच्या कुणाचं तरी चित्र.
पहिलं सत्र ते पुसण्यात गेलं.
खाजामियाँ शिकवतात. कागदोपत्री ते परिचर.
पाणी घाल, पावडर पेर, आता इंग्रजी आठ काढ,
कोपऱ्याला दगा देऊ नको,
सगळ्यांना मधलंच घासायला आवडतं.

माझ्या दगडावर एक बाई होती, पाठमोरी.
कडेला कोरलेलं: शेवंता मुळे, २००३.
ती बाई शेवंताच, की शेवंतानं काढलेली कुणी,
खाजामियाँनाही आठवत नाही.
ऐंशी नंबरनं पदर गेला, एकशेवीसनं मान.
दोनशेवीसनंतर दगड कोरा दिसतो.
ओला केला की ती परत येते.
“रैने दो बेटा,” खाजामियाँ म्हणाले,
“वो किसकूच तकलीफ नै देती.”

पहिल्या वर्षाच्या वायवाला बाप आला,
रात्रीच्या पॅसेंजरनं, न सांगता.
भिंतीवरच्या माझ्या नऊ प्रिंटांकडं बघितलं नाही,
खाली बघत चालला.
“कुणी केली ही फरशी? ढाळ उलटा दिलाय.”
इतक्या मोठ्यानं, की बाहेरून आलेले परीक्षक
माझ्या कामातलं स्मृतीचं स्थान विचारता विचारता थांबले.

मी उत्तर शोधत होते.
तोवर तो लिथोच्या खोलीत शिरला होता.
गेलो तर तळवा दगडावर ठेवून उभा,
ताप बघावा तसा.
“मधी खड्डा हाय. केसाएवढा.”
तीन महिने माझी प्रत्येक प्रिंट मधोमध फिकी येत होती.
शाई बदलली, डिंक बदलला,
प्रेसला शिव्या घातल्या.

त्यानं बाह्या सारल्या.
डब्यावरचा आकडा बघून हसला:
“दोनशेवीस. आन् ह्याला डिग्री लागती?”
मग घासायला लागला.
मशीन नव्हतं, नुसता दगडावर दगड.
तो आवाज त्याला ऐकू येत नव्हता,
आम्हाला सगळ्यांना येत होता.
परीक्षकांनी चष्मा काढला.
खाजामियाँनी न विचारता पाणी ओतलं,
आणि ओल्या दगडातून ती वर आली,
पाठमोरी, पदरासकट.

बापाचा हात थांबला.
“ही कोण?”
कुणीच बोललं नाही.
“घासू का हिला?”
“राहू द्या,” मी म्हणाले.
त्यानं तिला वळसा घालून कडा सरळ केल्या.
तिथं काही खड्डा नव्हता.

गुण बरे मिळाले. स्मृतीचं उत्तर
अजून द्यायचंय, प्रबंधात, चौथ्या प्रकरणात.

आता फोन येतो तेव्हा तो शिक्षणाचं विचारत नाही.
ओरडतो, “ती बाई हाय का?”
आहे.
“काय?”
आहे, मी ओरडते,
आणि खोलीतले सगळे माना वर करतात.